पाकिटावर ४०० पट, मग माझं जेल १०० पटच का फुगलं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. धायरीच्या गच्चीवरच्या कुंड्यांसाठी तुम्ही पाणी धरणाऱ्या जेलचे दाणे आणले. पाकिटावर लिहिलंय, वजनाच्या ४०० पट पाणी शोषतात. तुम्ही १० ग्रॅम दाणे बोअरच्या पाण्यात रात्रभर भिजत घातले, सकाळी गाळून वजन केलं तर जेमतेम किलोभर भरलं. दुकानदार म्हणाला, माल जुना असेल. आणि जाता जाता तुम्ही विचारलंय की वीटही पाणी पिते, स्पंजही पितो, मग फुगतं ते जेलच का?

माल बहुधा चांगला आहे, तुमच्या पाण्यात क्षार आहेत. दोन ओळींत उत्तर संपलं असतं. पण तो जाता जाता विचारलेला प्रश्न खरा महत्त्वाचा आहे. तो सुटला की पहिला आपोआप सुटतो.

पुण्यात बांधकामाचं साहित्य तपासण्यात माझी २८ वर्षं गेली. विटा, फरशा, माती, लाकूड आणि शेवटची काही वर्षं पॉलिमर. लोक वस्तू घेऊन यायचे आणि विचारायचे, "ही किती पाणी पिते?" मी उलट विचारायचो, "पिऊन ठेवते कुठे?" समोरच्याला हा पुणेरी तिरकसपणा वाटायचा, पण गोम तिथेच आहे. मराठीत वीट पाणी पिते, हरभरा पाणी पितो, वांगं तेल पितं आणि बाळाचा डायपरही पितोच. क्रियापद एक, आत चाललेले प्रकार मात्र वेगळे.

आधी वीट घेऊ. चांगली भाजलेली कोरडी वीट पाण्याच्या बालदीत सोडा. लगेच तिच्या सगळ्या अंगातून बारीक बुडबुड्यांच्या माळा सुटतात, कान जवळ नेला तर चुरचुर ऐकू येते. जुने गवंडी हे बुडबुडे थांबेपर्यंत वीट बाहेर काढू देत नसत, कारण तहानलेली वीट मसाल्यातलं पाणी ओढून घेते आणि सिमेंट कच्चंच राहतं. हे बुडबुडे म्हणजे विटेतली हवा. हवा बाहेर गेली, तिच्या जागी पाणी आलं. विटेची माती जिथल्या तिथे आहे. म्हणून वीट जड होते पण सुताभरही मोठी होत नाही. प्रयोगशाळेत आम्ही वीट १०५ ते ११५ अंशांवर ओव्हनमध्ये पूर्ण वाळवतो, २४ तास पाण्यात बुडवतो, फडक्याने पुसून ३ मिनिटांच्या आत वजन करतो. साध्या विटेला मर्यादा आहे वजनाच्या २० टक्के, म्हणजे ३ किलोच्या विटेला ६०० ग्रॅम पाणी. यापुढे ती कितीही दिवस बुडवली तरी फारसा फरक पडत नाही. घर भरलं, पाहुणे संपले.

पाणी आत ओढतं कोण? भाजलेल्या मातीला पाणी चिकटतं आणि पाण्याच्या पृष्ठभागाला ताण असतो. बारीक नळीत या दोन गोष्टी मिळून पाणी वर खेचतात. हिशेब सोपा आहे. १ मिलिमीटर त्रिज्येच्या काचेच्या नळीत पाणी दीड सेंटिमीटर चढतं, ०.१ मिलिमीटरच्या नळीत १५ सेंटिमीटर, ०.०१ मिलिमीटरच्या नळीत दीड मीटर. नळी जितकी बारीक तितकी ओढ जास्त. जेम्स ज्युरिन यांनी हे १८व्या शतकातच मोजून ठेवलंय. वेगाचं मात्र उलट आहे. बारीक नळीत ओढ दांडगी, पण घर्षणही दांडगं. १९२१ साली वॉशबर्न यांनी मांडलेला नियम सांगतो की चढलेलं अंतर काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतं. पंच्याचं टोक पाण्यात धरा. पहिला सेंटिमीटर ओला व्हायला ५ सेकंद लागले असतील तर दुसऱ्या सेंटिमीटरपर्यंत पोचायला एकूण २० सेकंद लागतील.

या हिशेबाने जमिनीतली ओल भिंतीत कित्येक मीटर चढायला हवी. प्रत्यक्षात ती बहुधा कमरेच्या आसपास थांबते, कारण भिंत बाजूने वाळतही असते. जिथे पाणी वाळतं तिथे क्षार मागे राहतात, त्यांचे स्फटिक वाढतात आणि प्लास्टरचे पापुद्रे सुटतात. लोणा लागला म्हणतो तो हाच. शनिवारवाड्याच्या तटाकडे एकदा या नजरेने बघा, खाली काळा दगड, वर वीट. दगड का आणि वीट का याच्या कथा बऱ्याच सांगतात, त्यात मी पडत नाही. पण घट्ट बेसॉल्ट पाणी जवळजवळ पीतच नाही, त्यामुळे दगडी जोत्यावरच्या विटांना खालून पाणी मिळण्याची वाट अरुंद होते, हे खरं.

आता एक प्रयोग, जो मी शिकाऊ मुलांना पहिल्याच दिवशी करायला लावत असे. भांडी घासायचा मऊ स्पंज पाण्याने गच्च भरा आणि पिळू नका. तो कोरड्या विटेवर ठेवा. पाच मिनिटांनी उचला. स्पंज हलका झालेला असतो आणि विटेवर त्याच्या आकाराची ओली खूण उमटलेली असते. आता उलट करा, ओल्या विटेवर कोरडा स्पंज ठेवा. स्पंजाला जवळजवळ काहीच मिळत नाही. वजनाच्या मानाने स्पंजाची साठवण विटेच्या कितीतरी पट, पण त्याची भोकं मोठी, म्हणून ओढ कमी. साठवण किती आणि ओढ किती, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाकिटावर फक्त पहिली छापलेली असते.

आणि द्रवाला घनाची ओढच नसेल तर? अळवावरचं पाणी सगळ्यांना माहीत आहे. नवा कोरा टॉवेल पाणी टिपत नाही, ढकलत बसतो, त्याचं कारण हेच. धाग्यांवर मऊपणासाठी लावलेला थर असतो, तो दोनचार धुण्यांत गेला की टॉवेल माणसात येतो.

फरशीचं इथेच सांगून टाकतो. भिंतीला लावायच्या साध्या सिरॅमिक टाइल १० टक्क्यांहून जास्त पाणी पितात, त्या भिजवून सिमेंटच्या घोळावर बसवल्या तर चालतात. व्हिट्रिफाइड टाइल अर्धा टक्कासुद्धा पीत नाही. सिमेंटला तिच्या अंगात मुळं धरायला जागाच नसते. तिला पॉलिमर घातलेलं ॲडहेसिव्ह लागतं. माझ्या स्वतःच्या घरी मी हे कंत्राटदाराला सांगून गावाला गेलो, आलो तोवर त्याने सगळी बैठकीची खोली सिमेंटवर बसवून टाकली होती. दोन वर्षांत निम्म्या टाइल पोकळ वाजायला लागल्या. व्यवसाय साहित्य तपासण्याचा, आणि घरात ढोलकी.

आता दुसरा प्रकार. इथे पाणी मोकळ्या जागेत थांबत नाही, पदार्थाच्या अंगात शिरतं. लाकूड यासाठी फार शहाणी वस्तू आहे, कारण तिच्यात दोन्ही प्रकार एकापाठोपाठ दिसतात. कोरड्या लाकडाला ओलावा मिळाला की तो आधी पेशींच्या भिंतींत, तंतूंच्या मधे शिरतो. तंतू बाजूला सरकतात, लाकूड फुगतं. पाणी कोरड्या वजनाच्या साधारण ३० टक्क्यांपर्यंत आलं की भिंतींची तहान भागते. पुढचं पाणी पेशींच्या पोकळीत, म्हणजे विटेसारखं. त्यानंतर लाकूड जड होत राहतं पण फुगायचं थांबतं. आणि फुगतं ते आडवं. लांबीत फरक नगण्य. म्हणून जुलैत दार चौकटीला बाजूने घासतं, उंचीत नाही. तेव्हा सुताराला बोलावून रंधा मारू नका, दिवाळीनंतर तिथे बोटभर फट दिसेल.

हरभऱ्याचंही तेच. पिष्ट आणि प्रथिनं स्वतःच पाण्याला वाट करून देतात, दाणा दुप्पट होतो. मात्र पाणी आत शिरायची वाट सालीतून आणि डोळ्याजवळच्या बारीक छिद्रातून असते. ती बंद राहिली की गणंग. मटकी आठ तास भिजवली तरी दोनचार दाणे खड्यासारखे दाताखाली येतात ते त्यामुळे. आतला माल तोच, दरवाजा उघडत नाही.

पण या प्रकारातला खरा दांडगट म्हणजे आपली काळी माती. हडपसर, मांजरी, लोणी काळभोरच्या बाजूचे नमुने आमच्याकडे पोत्यांनी यायचे. त्यांची एक चाचणी आहे, बघायला फार साधी. ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून चाळलेली सुकी माती १० ग्रॅम घ्यायची आणि १०० मिलिलिटरच्या मोजपात्रात ओतायची. तेवढीच दुसऱ्या मोजपात्रात. एकात डिस्टिल्ड पाणी, दुसऱ्यात रॉकेल. काचेच्या कांडीने ढवळून हवा काढायची आणि २४ तास हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी रॉकेलमधली माती तळाशी १० मिलिलिटरच्या आसपास मुकाट बसलेली असते. शेजारी पाण्यातली तीच माती मऊ ढगासारखी २० मिलिलिटरवर, कधी त्याच्याही वर. माती एकच, वजन एकच. रॉकेलही मातीच्या फटींत शिरलंय, पण त्याने नुसती हवेची जागा घेतली. पाणी मातीच्या अंगात गेलं.

हे अंग कसं असतं? काळ्या मातीतलं माँटमोरिलोनाइट हे खनिज पापुद्र्यांचं आहे, एकेक पापुद्रा मिलिमीटरच्या साधारण दहा लाखाव्या भागाइतका जाड. पापुद्र्यांवर ऋण भार असतो आणि तो सांभाळायला मधे सोडियम, कॅल्शियमसारखे धन आयन, म्हणजे धन भार असलेले अणू, बसलेले असतात. या आयनांना पाणी हवं असतं. पाणी आलं की पापुद्रे दूर सरकतात. मधे सोडियम असेल तर ते वाट्टेल तेवढे दूर जातात. कॅल्शियम असेल तर नाही, कारण एक कॅल्शियम दोन्ही बाजूंच्या पापुद्र्यांना धरून ठेवतो. म्हणूनच फुगणाऱ्या मातीवर रस्ता करायचा असेल तर तिच्यात चुना मिसळतात. चुन्यातला कॅल्शियम मातीला शांत करतो. आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांनी वेगळा उपाय दिला, काळ्या मातीवर न फुगणाऱ्या चिकट मातीचा थर द्यायचा. तो थर खालच्या फुगवट्याला दाबून धरतो. हा कॅल्शियम लक्षात ठेवा, तो परत येणार आहे.

मधेच एका नावाचा घोळ मिटवतो. बुटाच्या खोक्यात आणि औषधाच्या बाटलीत जी 'खाऊ नका' लिहिलेली पुडी असते त्यातली सिलिका जेल नावाने जेल, पण गुणाने वीटच. कडक दाणा, आत अतिसूक्ष्म भोकं, १ ग्रॅममध्ये शेकडो चौरस मीटर पृष्ठभाग. हवेतली वाफ त्या पृष्ठभागावर बसते आणि भोकांत साचते, दाणा फुगत नाही. ओव्हनमध्ये साधारण १२० अंशांवर तापवली की पुन्हा कोरी. अगदी कोरडे दाणे पाण्यात टाकले तर तडतडून फुटतात, ओलं होण्याची उष्णता आणि कोंडलेली हवा एकदम बाहेर पडते म्हणून.

तर आता तुमचे दाणे. डायपरमध्ये सोडियम पॉलिॲक्रिलेट असतं, शेतीच्या जेलमध्ये बहुतेक वेळा त्याचा पोटॅशियमवाला भाऊ. लांबच लांब साखळ्या, मधे मधे एकमेकींना गाठ मारून बांधलेल्या. साखळीवर जागोजागी ऋण भार चिकटलेला आणि त्याच्या आसपास सोडियम किंवा पोटॅशियमचे सुटे आयन. सुटे असले तरी ते बाहेर पळू शकत नाहीत, साखळीच्या भाराने त्यांना बांधून ठेवलंय. म्हणजे दाण्याच्या आत आयनांची गर्दी, बाहेर शुद्ध पाण्यात शुकशुकाट. ही तफावत मिटवायला आयन बाहेर जाऊ शकत नाहीत, म्हणून पाणी आत येतं. कैरीला मीठ लावल्यावर पाणी सुटतं ना, तोच नियम, फक्त इथे मीठ आत आहे. पाणी येत राहतं, साखळ्या ताणत राहतात, आणि जिथे साखळ्यांचा ताण आणि पाण्याचा रेटा बरोबरीत येतात तिथे फुगणं थांबतं. गाठी कमी असतील तर जास्त फुगेल पण बोटाने चेपलं तरी चिखल होईल. गाठी जास्त असतील तर टणक राहील पण कमी पिईल. हा हिशेब फ्लोरी आणि रेनर यांनी १९४३ मध्ये मांडला. पॉल फ्लोरी यांना पुढे १९७४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. आपल्या पाषाणच्या एनसीएलमध्येही, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, डॉ. रघुनाथ माशेलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फुगणाऱ्या पॉलिमरवर बरंच काम केलंय, जलशक्ती हे पाणी धरणारं पॉलिमर तिथलंच.

यातून तुमचं उत्तर निघतं. बाहेरच्या पाण्यातच आयन असतील तर आत-बाहेरची तफावत कमी, ओढ कमी. जे दाणे डिस्टिल्ड पाण्यात काहीशे पट फुगतात, तेच लिटरला ९ ग्रॅम मीठ घातलेल्या पाण्यात ३० ते ६० पटींवर थांबतात. डायपरचा खरा आकडा हाच, कारण बाळ डिस्टिल्ड पाणी सोडत नाही. शंका असेल तर फुगलेल्या जेलच्या वाटीवर चमचाभर मीठ भुरभुरवा आणि चहा घेऊन या. वाटीत पाणी सुटलेलं असेल.

बोअरच्या पाण्याचं दुखणं मिठापेक्षा वाईट आहे. आपल्याकडचं बोअरचं पाणी बेसॉल्टच्या भेगांतून मुरत आलेलं, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम घेऊन. सोडियमने नुसती तफावत कमी होते. कॅल्शियम दोन साखळ्यांना एकदम पकडतो, म्हणजे नव्या गाठीच मारतो. काळ्या मातीला शांत करणारा चुना तुमच्या दाण्यांनाही शांत करतोय. सोडियमचा परिणाम चांगल्या पाण्याने धुतला की बराचसा जातो, कॅल्शियमचा सहज जात नाही. त्यामुळे दर उन्हाळ्यात बोअरचंच पाणी मिळालं तर दाणे दरवर्षी थोडे थोडे म्हातारे होतील. खतांचे क्षारही त्यात भर घालतात. खडकवासल्याचं नळाचं पाणी म्हणजे धरणात साठलेला पाऊसच, ते खूप बरं. आणि एक चूक बरेच जण काटकसर म्हणून करतात, आरओ मशिनचं वाया जाणारं पाणी कुंड्यांना घालतात. त्या पाण्यात मूळ पाण्यापेक्षा क्षार जास्त असतात, जेलच्या कुंडीला ते नको.

तुमच्या मनात पुढचा प्रश्न येईलच: जेलने धरलेलं पाणी झाडाला मिळतं का? मिळतं. पुन्हा स्पंज आणि विटेची गोष्ट आठवा. फुगलेल्या जेलची ओढ कमी असते, मुळांची फार जास्त, साधारण १५ वातावरणांच्या दाबाइतकी ओढ लावूनही बहुतेक पिकं जमिनीतून पाणी काढतात. काळी माती मात्र अतिबारीक फटींत काही पाणी याहूनही घट्ट धरून बसते. भेगाळलेल्या रानात ढेकूळ थोडं ओलसर असतं आणि पीक तरी माना टाकतं, ते त्यामुळेच.

प्रमाणाबद्दल. मी पहिल्यांदा हे दाणे घरी आणले तेव्हा तुळशीच्या कुंडीत मूठभर कोरडेच घातले आणि वर बोटभर माती सारली. मे महिनाभर ठीक होतं. जूनमध्ये पाऊस लागला, म्हणजे क्षार नसलेलं पाणी, तेही भरपूर. चौथ्या दिवशी तुळस मुळांसकट दोन बोटं वर आली होती आणि कुंडीच्या काठावरून काचेसारखे लगदे लोंबत होते. आईने विचारलं, "हे काय शिजत घातलंयस?"

तेव्हा एक लिटर मातीला १ ते २ ग्रॅम पुरे. दहा इंची कुंडीला १० ते १५ ग्रॅम. दाणे आधी नळाच्या किंवा पावसाच्या पाण्यात फुगवून घ्या, मग मुळांच्या थरात मातीत नीट कालवा, वर पसरू नका, उन्हाने लवकर वाळतात. मातीच्या वजनाखाली ते बाहेरच्या इतके फुगणार नाहीत, ते धरून चाला. शेतासाठी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने काढलेल्या पुसा हायड्रोजेलची शिफारस हेक्टरी अडीच ते पाच किलो आहे, यावरून किती थोडं लागतं ते कळेल. भुकटी घेतली असेल तर ती पाण्यात एकदम ओतू नका. बाहेरचा थर आधी फुगून आतल्या कोरड्या भुकटीला कोंडतो आणि पिठल्यासारख्या गुठळ्या होतात. दाणे मोठे असतील तर धीर धरा, दाणा तिप्पट मोठा असेल तर पूर्ण फुगायला साधारण नऊपट वेळ लागतो. रंगीत मोठे मणी मिळतात ते घरात लहान मूल असेल तर आणूच नका. गिळला गेलेला मणी पोटात फुगतो आणि आतडं अडवू शकतो.

तुमच्याकडे आता जे एक किलो भिजलेलं जेल आहे ते फेकू नका. त्यातलं चमचाभर घेऊन बादलीभर पावसाच्या किंवा डिस्टिल्ड पाण्यात टाका, दिवसातून दोनदा पाणी बदला. दोन दिवसांत दाणे चांगले टपोरे झाले तर नुसते क्षार आडवे आले होते, बाकीचंही तसंच धुऊन वापरा. जसे होते तसेच बारके आणि चिवट राहिले तर कॅल्शियमने गाठी मारल्यात. तरीही १०० पट म्हणजे १० ग्रॅमला लिटरभर पाणी, ते एका कुंडीला मे महिन्यात एखादा दिवस तारून नेतं. तसेच घाला. दुसरं पाकीट मात्र नळाचं पाणी भरून ठेवल्याशिवाय उघडू नका.